रक्तासमोर बसणारी पाण्याची नळी

मित्रांनो, माझ्या अंगावर निळ्या शाईने एक शब्द लिहिलेला होता, 'पाणी'. त्याखाली चिकटवलेल्या पांढऱ्या पट्टीवर एक आकडा होता, साडेबावन्न ग्रॅम. शब्द नेहमीच खरा होता. आकडा मात्र एका मंगळवारी खोटा ठरला, आणि त्या सकाळी ते फक्त मला ठाऊक होतं. मला तोंड नाही. असतं तर ही हकिकत सांगायची वेळच आली नसती.

मी प्रयोगशाळेतली एक जुनी नळी आहे. जाड पारदर्शक प्लास्टिकची, तळाशी निमुळती, डोक्यावर फिरवून बसवायचं झाकण. एका कारखान्यात गरम रस साच्यात शिरला आणि आम्ही शेकडो बहिणी एका दमात जन्मलो. खोक्यात एकमेकींना चिकटून आम्ही इथवर आलो. बाकीच्या बहिणींच्या वाट्याला रक्त आलं. त्या एकदाच भरल्या गेल्या, एकदाच फिरल्या आणि मग पिवळ्या पिशवीतून भट्टीत गेल्या. एकेकीचं आयुष्य म्हणजे जेमतेम एक दुपार. माझ्या वाट्याला पाणी आलं म्हणून मी अकरा वर्षं जगले. सुरुवातीला मला त्याचं फार वाईट वाटायचं. आपल्यात कुणाचंच काही नाही, नुसतं नळाचं गाळलेलं पाणी! कामाची कोण, तर रक्ताची नळी. मी आपली समोर बसायला.

पण समोर बसणं हेच माझं काम होतं. आमच्या खोलीत सेंट्रीफ्यूज नावाचं यंत्र आहे, कपडे पिळणाऱ्या यंत्राचा थोरला भाऊच म्हणा. त्याच्या पोटात चार झुलत्या खोबणी आहेत. रक्ताची नळी एका खोबणीत ठेवली की बरोबर समोरच्या खोबणीत तेवढ्याच वजनाचं काहीतरी बसावं लागतं. तुम्ही बागेतल्या सीसॉवर बसता ना, तसंच. समोरचा हलका असला तर खेळ बिघडतो. इथे तर मिनिटाला हजारावर फेऱ्या! रक्ताच्या नळ्या दोन असल्या तर त्या एकमेकींसमोर बसतात. एकच असली की मला बोलावणं यायचं.

मला जपायची ती तराजूबाई. खोलीतली सगळ्यात जुनी तंत्रज्ञ. तिचं खरं नाव कागदावर होतं, तोंडी कुणाच्याच नव्हतं. खिडकीजवळ तिने एक दोन पारड्यांचा जुना तराजू ठेवला होता. बाजूला आकडे दाखवणारा नवा काटा असतानाही ती रक्ताची नळी एका पारड्यात आणि मला दुसऱ्यात घालून बघायची. मधली सुई सरळ उभी राहिली की मगच पुढचं काम. रोज सकाळी आली की हात धुवायचे, कोट चढवायचा आणि चहाच्या आधी मला तोलायचं, हा तिचा नेम. पाणी कमी वाटलं तर दोन थेंब घालायची, पट्टीवर आकडा लिहायची, आणि मला जागेवर ठेवताना हलकेच पुटपुटायची, "बस बाई, नीट बस."

लोक हसायचे. सगळ्यात जास्त हसायची भिंगरी.

भिंगरी हे नाव तराजूबाईनेच ठेवलेलं. ही मुलगी संशोधन करायला आलेली, हुशार, हाताची चपळ, एका जागी दोन मिनिटं न थांबणारी. ती म्हणायची, "बाई, तुम्ही घरी भाकरीसुद्धा तोलून थापता का हो?"

"थापत नाही. पण तुझं डोकं एकदा तोलून बघणार आहे," तराजूबाई म्हणायची. "समोर काय ठेवावं, तेवढाच प्रश्न आहे."

मग दोघी हसायच्या. मी तराजूत बसून ऐकायचे. मला वाटायचं, दिवस असेच जातील.

त्या मंगळवारच्या आधीच्या शुक्रवारी तराजूबाईचा रजेआधीचा शेवटचा दिवस होता. तिच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता, शनिवारी शस्त्रक्रिया होती. कित्येक दिवस ती आकडे नाकाजवळ धरून वाचत होती, पण कुणाला सांगत नव्हती. त्या सकाळी तिने मला तोललं. साडेबावन्न ग्रॅम. नवी पट्टी चिकटवली, ठसठशीत अक्षरात आकडा लिहिला आणि मला लोखंडी घोडीत ठेवायला गेली. घोडी म्हणजे आम्हां नळ्यांना उभं राहायला भोकं असलेली चौकट. तिचा हात दोन बोटं चुकला. माझं निमुळतं टोक भोकाच्या कडेवर आपटलं.

टक्.

बारीकसा आवाज. तराजूबाई क्षणभर थांबली. मला वर उचलून डोळ्यांसमोर धरलं, पण त्या धुरकट डोळ्यांना काय दिसणार? "काही नाही," ती स्वतःशीच म्हणाली आणि मला भोकात उभं केलं.

काही नाही कसं? माझ्या तळाला केसाएवढी चीर गेली होती. मित्रांनो, दुखलं म्हणून मी सांगत नाही. त्या चिरेतून एक थेंब आला आणि खालच्या स्पंजात मुरला. मग दुसरा. शनिवारी, रविवारी खोली बंद होती. सोमवारी एकट्या नळीचं काम निघालं नाही. चार दिवस मी थेंबाथेंबाने रिकामी होत होते आणि माझ्या कपाळावर मात्र तोच आकडा ठसठशीत उभा होता.

मंगळवार उजाडला. सकाळी दहाच्या सुमारास दार उघडलं. वॉर्डातला माणूस निळा डबा घेऊन आला होता आणि त्याच्या मागोमाग एक बाई आली. तिने दाराबाहेरच चपला काढल्या, आत यायचं की नाही या संकोचात उंबऱ्यावरच उभी राहिली. त्या डब्यात तिच्या नऊ वर्षांच्या मुलीचं रक्त होतं.

मुलीला ती चिमणी म्हणत होती. चिमणीला महिन्या-दोन महिन्यांनी ताप यायचा, छाती भरायची, पुन्हा दवाखाना. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तिच्या रक्तात होत्या, पण लढताना त्यांचा दम लवकर संपतो अशी डॉक्टरांना शंका होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला औषध सुरू व्हायचं होतं. औषधं दोन होती. पेशी खरंच दमत असतील तर एक, नसतील तर दुसरं. चुकीचं दिलं तर ती आणखी अशक्त झाली असती. म्हणून औषधाचा पहिला थेंब अंगात जायच्या आधी तिच्या पेशी रक्तातून जिवंत बाहेर काढून त्यांचा श्वास मोजायचा होता. आणि रक्त मिळालं होतं फक्त आठ मिलिलिटर. त्याहून जास्त घ्यायला डॉक्टरांनी परवानगीच दिली नव्हती.

"ताई," आई म्हणाली, "एवढ्यात होईल ना? परत टोचायला लागणार नाही ना तिला? शीर सापडत नव्हती हो. चार वेळा टोचलं. रडली नाही, पण माझा हात असा धरला होता..." तिने आपलं मनगट पुढे केलं. त्यावर नखांचे चार व्रण होते.

भिंगरीने ते व्रण पाहिले. तिचा चेहरा एकदम पोक्त झाला. "काकू, काळजी करू नका," ती म्हणाली. "परत नाही टोचणार. मी आहे ना."

शब्द देऊन टाकला तिने.

आई गेली. भिंगरीने घड्याळाकडे पाहिलं. श्वास मोजणारं यंत्र त्या दिवशी फक्त दुपारपुरतं आमच्या वाट्याचं होतं. त्यात पेशी ठेवायची, आदल्या दिवसापासून भिजत घातलेली तबकडी एकच होती, दुसरी शिल्लक नव्हती. रक्तही ताटकळत ठेवून चालत नाही. पेशी बसल्या जागी मलूल होतात. तिने हात चालवायला सुरुवात केली, आणि खरं सांगते, तिचे हात फार सुंदर चालत होते. रक्तात सलाईन मिसळून ते पातळ केलं. एका नव्या नळीत आधी तळाशी जड, साखरपाण्यासारखा द्राव घातला. मग नळी तिरपी धरून त्यावर रक्त सोडलं, इतकं सावकाश की दोन रंग एकमेकांना शिवलेसुद्धा नाहीत. खाली काचेसारखा नितळ थर, वर लाल. हे यंत्रात अर्धा तास फिरलं की जड तांबड्या पेशी द्रावातून खाली बसतात आणि मधोमध पांढऱ्या पेशींचं एक धुक्यासारखं कडं उरतं. ते कडं म्हणजेच सगळा ऐवज.

तिने रक्ताची नळी नव्या काट्यावर ठेवली. साडेबावन्न ग्रॅम. मग माझ्या पट्टीकडे पाहिलं. साडेबावन्न.

"वा!" ती म्हणाली. "बाई रजेवर असूनही हजर."

तिने मला उचललं. माझं मन ओरडत होतं, अगं, मला तोल! त्या खिडकीतल्या पारड्यात एकदा टाक! माझ्या पोटात पाणी किती उरलंय ते तरी बघ! पण अकरा वर्षांच्या ओरखड्यांनी माझं अंग इतकं धुरकट झालं होतं की आतली पातळी कुणाला दिसत नव्हती. दिसत होती ती पट्टी, आणि पट्टीवरचं तराजूबाईचं अक्षर. त्या अक्षरावर कोण अविश्वास दाखवणार?

तिने मला चिमणीच्या रक्तासमोर बसवलं, झाकण लावलं. या फेरीत ब्रेक वापरायचा नसतो. यंत्र आपलं आपण, हळूहळू थांबलं तरच थर शाबूत राहतात. तिने ब्रेक बंद असल्याची दोनदा खात्री केली आणि बटण दाबलं.

आम्ही फिरू लागलो. सुरुवातीला नुसती झुळूक. मग वेग चढला, आमच्या खोबणी आडव्या झाल्या आणि मला समजलं की मी ओझं पेलू शकत नाही. समोरून चिमणीचं रक्त आपल्या पूर्ण वजनाने ओढत होतं आणि मी हलकी पडत होते. खोबणी पेलणारा मधला दांडा थरथरला. टक्, टक्, टक्. यंत्राचे पाय फरशीवर आपटायला लागले. बाहेर भिंगरीने झाकणावर दोन्ही हात टेकले, जणू हातांनी ते थोपवता येईल.

"नको ना," ती म्हणाली. "नको, नको, नको..."

यंत्राने स्वतःला वाचवलं. लाल दिवा लागला, शिट्टी वाजली आणि त्याने स्वतःच करकचून ब्रेक दाबला. ब्रेक बंद ठेवायला सांगितलेलं असलं तरी अशा वेळी यंत्र ऐकत नाही. सगळं एका हिसक्यात थांबलं.

भिंगरीने झाकण उघडलं. समोरच्या नळीत ना नितळ थर होता, ना धुकं. सगळा गढूळ लाल गाळ.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ती स्टुलावर बसली. मग एकाएकी उठून नोंदवही ओढली आणि लिहायला लागली. मी घोडीत परत आले होते, मला ते स्पष्ट दिसलं. 'नमुना येतानाच गुठळ्या झालेला'. एवढं लिहिलं की सुटका होती. कुणी विचारलं नसतं. चिमणीला आणखी एकदा टोचलं असतं, किंवा डॉक्टरांनी अंदाजाने औषध दिलं असतं. पेन थांबलं. भिंगरी आपल्या मनगटाकडे बघत होती. तिथे व्रण नव्हते. पण ती बघत राहिली.

मग तिने ती ओळ खोडली. फाडली नाही, आडवी रेघ मारली. आणि फोन उचलला.

"बाई..." एवढंच म्हणाली आणि तिला हुंदका आला.

फोन स्पीकरवर होता. तराजूबाईचा आवाज शांत. "आधी काय केलंस ते सांग. रडायचं नंतर. क्रमाने सांग."

भिंगरीने सांगितलं.

"पाण्याची नळी तोललीस?"

"पट्टीवर साडेबावन्न लिहिलं होतं, बाई."

"पट्टी शुक्रवारची आहे," तराजूबाई म्हणाली. "आज मंगळवार. आता ठेव तिला काट्यावर."

भिंगरीने मला काट्यावर ठेवलं. शेहेचाळीस. साडेसहा ग्रॅम कमी. घोडीतला माझ्या भोकाखालचा स्पंज तिने दाबला तर पाणी आलं.

"रक्त फेकलंस का?"

"नाही."

"हे शहाणपण केलंस. आता ऐक. पेशी कुठे पळून गेलेल्या नाहीत, त्या त्याच गाळात आहेत. हलक्या हाताने सगळं एकत्र कर. भरपूर सलाईन घाल, म्हणजे तो जड द्राव पातळ होईल. दोन नळ्यांत सारखं वाट, समोरासमोर बसव, सगळ्या पेशी तळाला आण. वरचं पाणी काढ. मग पुन्हा पहिल्यापासून, नव्या द्रावावर. थोड्या पेशी जातील. बाकीच्या मिळतील."

"मिळतील ना, बाई?"

"मी तिथे नाही, मला काय दिसणार? तसंही मला सध्या काहीच दिसत नाहीये, डोळ्याला पट्टी आहे." भिंगरी रडता रडता हसली. "आणि मॅडमना सांग. पेशी मिळाल्यावर नाही. आत्ता."

मॅडम म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे सगळे त्यांना जास्तच घाबरतात. भिंगरीने वहीत खरं काय झालं ते लिहिलं, गाळात भरपूर सलाईन घातलं आणि लगेच त्यांना बोलावलं. त्या आल्या, खोडलेली ओळ वाचली, खालची खरी ओळ वाचली, आणि मला उचलून उजेडात धरलं.

"समज, पेशी मिळाल्या," त्या म्हणाल्या. "समज, त्यांचा श्वास कमी आला. मग तो चिमणीच्या आजारामुळे कमी आला, की आपण त्यांना हिसका दिला म्हणून? डॉक्टरांना मी काय सांगू?"

मॅडमनी मला घोडीत परत ठेवलं.

"आपल्याकडे तुलनेला निरोगी पेशी आहेत, पण त्या गोठवलेल्या आहेत. त्यांना हा हिसका बसलेला नाही. मग त्यांची तुलना कशी चालेल?"

घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. सलाईनमध्ये त्या पेशी वाट बघत होत्या. भिंगरीने सावकाश कोटाची बाही वर सरकवली.

"माझं घ्या," ती म्हणाली. "मी निरोगी माणसांच्या यादीत आहे, संमतीचा कागद भरलेला आहे. आठच मिलिलिटर घ्या, तिच्याइतकंच. आणि तिच्या रक्ताला जे झालं ते सगळं माझ्या रक्ताला करू. तोच धक्का, तोच ब्रेक, तेच गाळात मिसळणं. समोर हीच नळी, इतकीच हलकी. एवढं करूनही माझ्या पेशी नीट श्वास घेत असतील, तर दोष धक्क्याचा नाही."

मॅडमनी विचारलं, "आणि तुझ्याही दमल्या तर?"

"तर मी स्वतः जाऊन त्या काकूंना सांगेन की माझ्यामुळे परत टोचावं लागतंय."

मॅडमनी होकारार्थी मान हलवली. फोन अजून चालूच होता. त्यातून तराजूबाई म्हणाली, "यंत्राला आणखी एकदा त्रास होईल. मी आल्यावर त्याची माफी मागेन. नळीला मात्र पिशवी घाल, चीर मोठी झाली तर आतल्या आत राहील. आणि भिंगरे, शेवटच्या फेरीला तुम्हां दोघींच्या नळ्या समोरासमोर बसव. म्हणजे पुढचं जे काही होईल ते दोघींना सारखंच होईल."

पलीकडच्या खोलीतल्या नर्सबाईंनी भिंगरीचं रक्त काढलं. मग मला पिशवीत घालून त्या रक्तासमोर बसवण्यात आलं. मित्रांनो, अकरा वर्षं मी बरोबरीचं वजन घेऊन बसले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला मुद्दाम कमी म्हणून निवडलं होतं. माझ्या उणेपणाचाही काहीतरी उपयोग होता. वेग चढला, दांडा थरथरला, टक्, टक्, टक्, लाल दिवा, हिसका. अगदी सकाळसारखं. भिंगरीने झाकण उघडलं, आपल्याच रक्ताचा गढूळ गाळ पाहिला आणि वहीत वेळ लिहिली.

त्यानंतर माझं काम संपलं. दोघींच्या पेशी तळाला आणून शेवटच्या फेरीच्या दोन नळ्या तयार झाल्या. खाली नितळ थर, वर लाल. एकीवर चिमणीचा क्रमांक, दुसरीवर भिंगरीचा. भिंगरीने आकड्यांच्या नव्या काट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खिडकीजवळ गेली, दोन्ही नळ्या तराजूबाईच्या दोन पारड्यांत ठेवल्या आणि श्वास रोखून उभी राहिली. सुई डावीकडे झुकली. तिने उजवीकडच्या नळीत थोडं सलाईन सोडलं. सुई डोलली, डोलली आणि सरळ उभी राहिली.

"बसा बाई," ती पुटपुटली, "नीट बसा."

तो अर्धा तास मी कधी विसरणार नाही. ब्रेक बंद. यंत्र एका सुरात गुणगुणत होतं. भिंगरी समोर उभी होती, बसलीच नाही. एरवी दोन मिनिटं न टिकणारी ती मुलगी अर्धा तास खिळल्यासारखी उभी! तीस मिनिटं झाली, सूर उतरू लागला. यंत्र आपलं आपण थांबायला सात-आठ मिनिटं घेतं. ती सात-आठ मिनिटं तिने हात पाठीमागे बांधून ठेवले होते, चुकून कशाला लागू नयेत म्हणून.

झाकण उघडलं. दोन्ही नळ्यांच्या मधोमध धुक्याचं कडं होतं. भिंगरीचं दाट. चिमणीचं विरळ, थंडीत तोंडातून निघालेल्या वाफेइतकं. पण होतं.

तिने पिपेटने, त्या बारीक शोषनळीने, ते कडं कडेकडेने गोल फिरत उचलून घेतलं. पेशी दोनदा धुतल्या. मग निळ्या रंगाच्या थेंबात मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली मोजायला बसली. मेलेली पेशी तो निळा रंग पिते, जिवंत पेशी त्याला आत येऊ देत नाही. श्वास मोजायला चिमणीच्या निदान चोवीस लाख जिवंत पेशी लागणार होत्या. भिंगरीने मोजलं. पुन्हा मोजलं. मॅडमना बोलावून तिसऱ्यांदा मोजायला लावलं.

"सव्वीस लाख," मॅडम म्हणाल्या.

भिंगरीने टेबलाची कड घट्ट धरली.

पुढचं काम घाईचं, पण तिचा हात घाईचा राहिला नव्हता. तबकडीच्या छोट्या छोट्या खळग्यांत दोघींच्या पेशी बसवल्या, तळाला चिकटल्यावर तासभर उबेत ठेवल्या आणि मग यंत्रात सरकवल्या. हे यंत्र पेशींना तीन औषधं देतं. पहिलं त्यांचं नेहमीचं काम अडवतं. दुसरं त्यांना जीव तोडून पळायला लावतं, म्हणजे अंगात दम किती शिल्लक आहे ते कळतं. तिसरं श्वास पूर्ण थांबवतं. दर खेपेला यंत्र पेशींनी किती प्राणवायू घेतला ते मोजतं आणि पडद्यावर रेघ काढतं.

दोन रेघा सोबत निघाल्या. सुरुवातीला चिमणीची जराशीच खाली. पहिल्या औषधाने दोन्ही उतरल्या. मग दुसरं औषध पडलं. भिंगरीची रेघ सरसर वर चढली, उंच. हिसका बसूनही, गाळात मिसळूनही तिच्या पेशी छाती भरून धावत होत्या. आणि चिमणीची रेघ? बोटभर चढली आणि तिथेच आडवी झाली.

भिंगरीच्या डोळ्यांतून पाणी आलं. आनंदाचं म्हणावं तर समोर एका लहान मुलीच्या पेशी धापा टाकत होत्या. दुःखाचं म्हणावं तर जे खरं होतं ते अखेर स्पष्ट दिसलं होतं.

"धक्क्याचा दोष नाही," मॅडम हळूच म्हणाल्या. "पोरीचा दम खरंच कमी आहे. औषध कुठलं द्यायचं ते ठरलं." आणि त्या फोन करायला निघून गेल्या. संध्याकाळ व्हायच्या आत वॉर्डात निरोप पोहोचला. पुन्हा टोचावं लागलं नाही.

आठवड्याने तराजूबाई काळा चष्मा लावून आली. हात धुतले, कोट चढवला. भिंगरीने मला तिच्या हातात दिलं आणि मान खाली घातली. तराजूबाईने मला नव्या, स्वच्छ डोळ्यांनी न्याहाळलं. टोकाशी नख फिरवलं.

"ही शुक्रवारी माझ्या हातून आपटली," ती म्हणाली. "टक् झालेलं मी ऐकलं होतं. बघितलं, दिसलं नाही, आणि म्हटलं, काही नाही. डोळे गेलेत हे कुणाला सांगायचं नव्हतं ना मला."

"बाई, तुमची काय चूक? मीच तोललं नाही..."

"तुझी तू लिहिलीस. आता माझी मला लिहू दे." तिने नोंदवही उघडली, मंगळवारचं पान काढलं. भिंगरीच्या ओळीखाली तिने ठसठशीत अक्षरात आपली ओळ लिहिली, तारीख शुक्रवारची घातली. मग माझ्यातलं उरलंसुरलं पाणी ओतलं, पट्टी सोलून काढली आणि मला पिवळ्या पिशवीत न टाकता खिडकीत, तराजूच्या शेजारी उभं केलं.

आता मी तिथेच असते. मला कुणी फिरवत नाही. कधी कधी त्या गरगरण्याची आठवण येते, खोटं का बोलू? माझ्या जागी नवी नळी आली आहे. तिच्या अंगावर 'पाणी' लिहिलं आहे, पण आकड्याची पट्टी नाही. ती आता इथे कुणीच लावत नाही. रोज सकाळी दोघींपैकी जी आधी येईल ती चहाच्या आधी तिला पारड्यात घालते. बहुतेक वेळा भिंगरीच आधी येते.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे मोठं मागणं नाही. तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणीतरी असेल, समोर गप्प बसून तोल सांभाळणारं. त्याच्यावर कधीकाळी लिहिलेल्या आकड्यावर जाऊ नका, रोज त्याला एकदा हातात घेऊन बघा. आणि एखादा बारीक आवाज ऐकू आला तर 'काही नाही' म्हणायच्या आधी जरा थांबा.

परवाची गोष्ट सांगून थांबते. तीन महिने लोटले होते. सकाळी निळा डबा आला. भिंगरीने नळी बाहेर काढली, क्रमांक वाचला आणि तशीच दाराकडे वळली. उंबऱ्यावर तीच आई उभी होती आणि तिच्या पदराआडून एक मुलगी आत डोकावत होती.

"एकदाच टोचलं," चिमणीने एक बोट दाखवून सांगितलं. "पहिल्याच खेपेला शीर सापडली."

भिंगरी हसली. मग औषधाने पेशींचा दम वाढला का ते बघायला तिने ते रक्त तयार केलं, माझ्या शेजारच्या पारड्यात ठेवलं आणि दुसऱ्या पारड्यात नवी नळी. सुई डोलत राहिली. ती सरळ होईपर्यंत भिंगरी जागची हलली नाही.